विक्रांत-विराटच्या डेकवरची विमानं : बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात काय आणि कसं पाहावं

जुनी विक्रांत आता नाही. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाल्यावर ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, २०१२ मध्ये लोकांसाठी बंद झाली आणि २०१४ च्या अखेरीस मुंबईतल्या दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात तिची तोडणी सुरू झाली. तिचं काही पोलाद मोटरसायकलींत गेलं. विराट ६ मार्च २०१७ ला निवृत्त झाली आणि तिचा शेवट गुजरातमधल्या अलंगच्या जहाजतोडणीच्या किनाऱ्यावर झाला. दोन्ही विमानवाहू नौकांचा सांगाडासुद्धा उरलेला नाही. उरली आहेत ती त्यांच्या डेकवरून उडणाऱ्या विमानांपैकी काही, आणि त्यांचा सगळा क्रम एकाच आवारात बघायचा असेल तर गोव्यातल्या दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर, नौदलाच्या हवाई संग्रहालयात जायला हवं. हे संग्रहालय ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झालं. गोव्याला जाणारे लाखो मराठी लोक त्याच्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर विमानातून उतरतात आणि तसेच समुद्राकडे निघून जातात, याचं मनापासून वाईट वाटतं.

सोमवारी बंद असतं, एवढं आधी लक्षात ठेवा. बहुतेक विमानं उघड्यावर आहेत, त्यामुळे सकाळी उघडल्या उघडल्या जाणं उत्तम. दुपारी ॲल्युमिनियमवरून ऊन डोळ्यांवर येतं आणि बारकावे दिसत नाहीत. टोपी, पाणी आणि दोन तास लागतात. मुलं बरोबर असतील तर तीन धरा. शेजारचा विमानतळ नौदलाच्या आयएनएस हंसा तळाचाच भाग आहे, तेव्हा कॅमेरा विमानांवर ठेवा, तळाच्या कुंपणाकडे वळवू नका.

बहुतेक लोक आधी बाहेरची विमानं बघतात, मग दमून आत शिरतात. क्रम उलटा करा. आधी आतल्या दालनांत जा आणि विमानवाहू नौकांच्या प्रतिकृतींपुढे दहा मिनिटं थांबा, कारण बाहेरच्या प्रत्येक यंत्राचा आकार त्या डेकने ठरवला आहे. विक्रांतची लांबी सुमारे २१३ मीटर. दाबोळीची धावपट्टी तीन किलोमीटरपेक्षा लांब आहे, म्हणजे जमिनीवर विमानाला जेवढी जागा मिळते तिच्या पंधराव्या भागाहूनही कमी जागेत सगळा कारभार. त्यातही उतरण्याचा पट्टा जहाजाच्या मध्यरेषेला तिरका काढलेला असतो. तो तिरका का, हे प्रतिकृतीवर बोट फिरवल्यासारखं बघितलं की कळतं. उतरणाऱ्या विमानाच्या हूकने त्याला थांबवायला डेकवर ताणलेली आडवी तार पकडली नाही, तर त्याला सरळ पुढे निघून परत उडता यावं आणि पुढच्या टोकाला उभ्या असलेल्या विमानांवर ते आदळू नये, म्हणून. पुढच्या भागात वाफेचा कॅटापल्ट होता. बॉयलरमधली वाफ एका लांब नळकांड्यात सोडायची, तिने पिस्टन ढकलायचा आणि पिस्टनला अडकवलेलं विमान काही सेकंदांत उडण्याच्या वेगाला न्यायचं.

विक्रांत मुळात ब्रिटिशांची हर्क्युलिस. तिचं जलावतरण २२ सप्टेंबर १९४५ ला झालं, युद्ध संपल्यामुळे ती अर्धवट पडून राहिली, भारताने १९५७ मध्ये ती घेतली आणि बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत पूर्ण करून घेतली. ४ मार्च १९६१ ला ती नौदलात दाखल झाली. तिरका डेक, वाफेचा कॅटापल्ट आणि उतरताना वैमानिकाला उंची दाखवणारा आरसा या तिन्ही गोष्टी तिला पूर्ण करतानाच बसवल्या. युद्धकाळात आखलेल्या जहाजावर जेट विमानं चालली ती यामुळे.

आतच शस्त्रांचा भाग आहे : बॉम्ब, पाणतीर, डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब), सोनोबॉय. सोनोबॉय नीट बघून घ्या. पाण्यात टाकायचा, खाली मायक्रोफोन सोडायचा, वर अँटेना उघडायची आणि पाणबुडीचा आवाज रेडिओने विमानाला कळवायचा, असा हा नळा. बाहेरच्या अलीझेपाशी तो पुन्हा भेटणार आहे.

आता बाहेर. सुरुवात सीलँडपासून करा. उत्तर आयर्लंडमधल्या शॉर्ट ब्रदर्सचं हे पाण्यावरही आणि जमिनीवरही उतरणारं दुहेरी इंजिनाचं विमान. सगळी मिळून २५ बनली आणि त्यातली १० आपल्या नौदलाने घेतली, म्हणजे सर्वांत मोठं गिऱ्हाईक आपणच. १९५३ च्या सुरुवातीला पहिलं सीलँड कोचीला आलं आणि त्याच वर्षी ११ मे रोजी तिथे आयएनएस गरुड हा तळ सुरू झाला. भारतीय नौदलाच्या हवाई शाखेची सुरुवात या होडीसारख्या पोटाच्या विमानापासून झाली. जगात आता मोजकीच सीलँड शिल्लक आहेत, त्यातलं एक हे. पोटाखाली वाकून बघा. मध्ये एक पायरी आहे. पाण्यावर वेग वाढला की त्या पायरीमागचं पाणी सुटतं आणि विमान पाण्याची पकड सोडून वर येतं. पायरी नसती तर कितीही जोर लावला तरी पाण्याने ते धरून ठेवलं असतं. शेजारच्या डव्ह या वाहतूक विमानाची इंजिनंही डी हॅविलंडच्या त्याच जिप्सी क्वीन ७० मालिकेतली. लहान नौदलाला दोन विमानांसाठी एकाच तऱ्हेचे सुटे भाग पुरतात, ही मोठी सोय होती.

फायरफ्लाय दुसऱ्या महायुद्धातलं, रोल्स-रॉइसच्या ग्रिफॉन या बारा सिलिंडरच्या इंजिनाचं. आपल्याकडे ते लढाऊ म्हणून आलं नाही. मागे लांब दोराला कापडी लक्ष्य बांधून ओढायचं आणि जहाजांवरच्या तोफचींनी त्याच्यावर नेम धरायचा, हे त्याचं काम. व्हँपायर टी-५५ हे जेट प्रशिक्षण विमान. त्याच्या शेपटीच्या दोन दांड्या बघून मुलं हमखास विचारतात. उत्तर सोपं आहे : सुरुवातीच्या जेट इंजिनांचा जोर बेताचा असे आणि लांब नळीतून झोत नेला की त्यातला काही वाया जाई. म्हणून नळी आखूड ठेवली आणि शेपटीला झोताच्या दोन्ही बाजूंनी दांड्यांवर उचललं. याहून महत्त्वाचं म्हणजे व्हँपायरचा वैमानिक बसतो तो पुढचा भाग लाकडाचा आहे : प्लायवुडच्या दोन पापुद्र्यांमध्ये बाल्सा. कोकणपट्टीच्या दमट हवेत असं लाकूड टिकवणं धातूपेक्षा अवघड. पाणी सांध्यातून शिरतं, गोंद सुटतो आणि रंगाखाली फुगवटा येतो. रंगाचा थर अखंड ठेवणं आणि तळाची निचऱ्याची भोकं मोकळी ठेवणं, हेच तिथलं खरं जतन.

एचटी-२ कडे लोक पाठ फिरवून निघून जातात, कारण ते साधं, छोटं, दोन जागांचं शिकाऊ विमान दिसतं. मराठी माणसाने इथे थांबायलाच हवं. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये याचा आराखडा केला तो डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी, कोल्हापूरकडच्या माणसाने. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्लसारख्या वायुगतिकीच्या आद्य संशोधकाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती. एचटी-२ ऑगस्ट १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं. १५५ हॉर्सपॉवरचं सिरस मेजर इंजिन, पुढे दोन मोठी चाकं, शेपटीखाली एक लहान. शेपटीवर टेकणारं विमान जमिनीवर चालवताना नाक वर असतं, समोरचं दिसत नाही आणि जरा दुर्लक्ष झालं की ते गर्रकन फिरतं. शिकाऊ वैमानिकाचे पाय त्यामुळे पक्के होतात. नौदलाच्या अनेक वैमानिकांनी पहिले धडे यावरच गिरवले.

आणि आता सी हॉक. या आवारात एकच विमान निवडायचं म्हटलं तर सी हॉक आणि अलीझे यांच्यात निवड करणं कठीण जाईल. हॉकर कंपनीचं सी हॉक आपल्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनने, म्हणजे ‘व्हाइट टायगर्स’नी, ७ जुलै १९६० ला ब्रिटनमधल्या ब्रॉडी इथे स्वीकारलं. विमानाच्या बाजूला, पंख जिथे धडाला जुळतो तिथे उभे राहा. पुढच्या कडेला हवा घेणारं तोंड आहे. आता पंखाच्या मागच्या कडेकडे जा : झोत बाहेर पडायची नळी तिथेच, धडाच्या कुशीत आहे, दुसरी पलीकडच्या बाजूला. शेपटीच्या टोकाशी नळी नाहीच. रोल्स-रॉइसच्या नीन या एकाच जेट इंजिनाचा झोत दोन भागांत फोडून पंखांच्या मुळाशी बाहेर काढला आहे. व्हँपायरने जो प्रश्न शेपटीच्या दोन दांड्यांनी सोडवला, तोच हॉकरने असा सोडवला. झोताची नळी आखूड राहिली आणि धडाचा मागचा भाग इंधनासाठी मोकळा झाला. धड गोलमटोल दिसतं त्यालाही कारण आहे. नीन इंजिनात हवा दाबणारं चाक मोठ्या व्यासाचं, हवा बाहेरच्या बाजूला फेकणारं असतं, त्यामुळे इंजिन आखूड पण जाड. विमान त्या जाडीभोवती शिवलेलं आहे.

नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार हिस्पॅनो तोफा. पंखांची एकूण लांबी ११.९ मीटर, आणि ते मधून दुमडून वर उभे करता येतात. बिजागरीची रेष पंखाच्या वरच्या बाजूला सहज सापडते. शेपटीखाली हूक शोधा. डेकवर उतरताना सगळं विमान त्या एका सळईने थांबायचं. काही क्षणांत पूर्ण वेगावरून शून्यावर यायचं तर तो ताण धडाच्या कण्यातून पुढपर्यंत जातो. म्हणून जहाजावरच्या विमानाचा मागचा भाग आणि चाकांचे दांडे जमिनीवरच्या विमानापेक्षा भक्कम, आणि वजनही जास्त. आपल्याकडे आलेली सी हॉक दोन वाटांनी आली : काही थेट ब्रिटनकडून, काही पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरून काढलेली. जर्मनीसाठी बनलेल्या विमानांचं उभं शेपूट उंच आहे. या आवारातल्या विमानाच्या शेपटाची उंची जुन्या छायाचित्रांतल्या ब्रिटिश सी हॉकशी ताडून बघा.

४ डिसेंबर १९७१ ला विक्रांतवरच्या आठ सी हॉकनी कॉक्स बाजारवर हल्ला केला, मग चितगाव आणि पुढची बंदरं. ही कामगिरी आणखी मोठी वाटते ती जहाजाची अवस्था कळल्यावर. विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेले होते. वाफ कमी म्हणजे जहाजाचा वेग कमी. विमानवाहू नौका उड्डाणाच्या वेळी वाऱ्याच्या तोंडाला पूर्ण वेगाने धावते ते उगाच नाही : वारा आणि जहाजाचा वेग मिळून जो झोत डेकवर येतो, तेवढा वेग विमानाला फुकट मिळतो. तो घटला की कॅटापल्टला जास्त काम करावं लागतं, आणि कॅटापल्टलाही वाफ त्याच बॉयलरांतून. तीन बॉयलरांवर ही कसरत सांभाळून त्या डिसेंबरात उड्डाणं झाली. सी हॉक १९८३ पर्यंत सेवेत राहिली.

आता अलीझे. ते वजनदार आणि पंख्याचं. ब्रेगे कंपनीचं हे फ्रेंच विमान ३१० क्रमांकाच्या स्क्वाड्रनने, ‘कोब्रा’नी, २१ मार्च १९६१ ला फ्रान्समधल्या इयेर इथे घेतलं. काम पाणबुड्या शोधण्याचं. पुढे दोघे शेजारी-शेजारी, मागे एक, असे तिघे त्यात बसत. मागच्या पोटाखाली रडारचा घुमट आहे. शोधताना तो खाली सोडायचा, उतरताना आत घ्यायचा. या जागेला इतिहास आहे. अलीझे ज्या प्रायोगिक विमानावरून निघालं त्यात पुढे पंखा आणि मागे जेट अशी दोन इंजिनं होती, आणि मागचं जेट नीनच होतं. पाणबुडीच्या शोधाला वेगापेक्षा तासन्‌तास हवेत राहणं मोलाचं ठरल्यावर जेट काढलं आणि त्या पोकळीत रडार बसवलं. पंखांवरचे दोन फुगीर कोश बघा. मागच्या बाजूला चाकं आत जातात आणि पुढच्या भागात सोनोबॉय ठेवतात. आत बघितलेला तो नळा इथून सुटायचा. पंख १५.६ मीटरचे, दुमडल्यावर साधारण सात मीटर.

इंजिन रोल्स-रॉइस डार्ट. इंडियन एअरलाइन्सच्या व्हायकाउंट, फोकर फ्रेंडशिप आणि ॲव्हरो विमानांनाही डार्टच होतं. त्या विमानांतून प्रवास केलेल्या आजी-आजोबांना इथे घेऊन या, ती कर्कश शिट्टी त्यांना आठवेल. १० डिसेंबर १९७१ ला पश्चिम किनाऱ्याजवळ टेहळणीवर असलेलं एक अलीझे पाकिस्तानी स्टारफायटरने पाडलं आणि त्यातले तिघेही गेले. मंद वेगाच्या, स्वसंरक्षणाला काही नसलेल्या विमानाला ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या लढाऊ विमानापुढे सुटका नसते. बंद घुमटाच्या या यंत्राशेजारी दोन मिनिटं शांत उभं राहावं.

हेलिकॉप्टरं थोडक्यात. चेतक हे सगळ्यांच्या ओळखीचं. कामोव्ह-२५ वर दोन पंखे एकाच दांड्यावर, एकमेकांच्या उलट फिरणारे. त्यामुळे शेपटीचा छोटा पंखा लागत नाही, धड आखूड राहतं आणि राजपूत वर्गाच्या विनाशिकांवरच्या छोट्या जागेत ते मावतं. सी किंग १९७१ मध्ये आलं. पाण्याच्या वर हवेत स्थिर राहून दोराने सोनार, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणारं यंत्र, खाली सोडायचं, ऐकायचं, वर ओढायचं आणि पुढे जाऊन पुन्हा तेच. त्याचं पोट होडीसारखं का आहे, हे सीलँड बघून आलेल्याला सांगावं लागत नाही.

सी हॅरियरजवळ आधी हूक शोधा. सापडणार नाही. तार नको, कॅटापल्टही नको, कारण पेगासस इंजिनाची चार तोंडं फिरवून झोत खाली वळवता येतो. पंख फक्त ७.७ मीटरचे, दुमडायची गरजच नाही. हँगरमध्ये लांबी वाचावी म्हणून नाक मात्र बाजूला वळतं. चाकं पोटाखाली एकामागे एक, सायकलीसारखी, आणि तोल सांभाळायला पंखांच्या टोकांना दोन बारीक पाय. पंखांच्या टोकांशी, नाकाशी आणि शेपटीशी छोटी भोकं दिसतात ती हवेच्या फवाऱ्यांची. विमान जागच्या जागी तरंगत असताना पंखांवरून वारा वाहत नाही, म्हणून नेहमीची सुकाणूं निकामी असतात आणि तोल या फवाऱ्यांनी राखायचा. उभं उतरताना इंजिन तापतं, ते थंड ठेवायला आतल्या टाकीतलं पाणी फवारतात. हे पाणी सुमारे दीड मिनिट पुरतं, म्हणजे वैमानिकाचा निर्णय तेवढ्यात व्हायला हवा.

पहिली सी हॅरियर डिसेंबर १९८३ मध्ये दाबोळीलाच आली. त्यांच्यासाठी विक्रांतचा कॅटापल्ट पुढे काढून टाकला आणि टोकाला विमानाला वर उसळी देणारा चढ बांधला. विराट, म्हणजे ब्रिटिशांची हर्मिस, १२ मे १९८७ ला नौदलात दाखल झाली, आपला १२ अंशांचा चढ घेऊनच. कॅटापल्ट गेला तसं अलीझेचं जहाजावरचं आयुष्यही संपलं. एका विमानासाठी डेक बदलला आणि दुसरं जमिनीवर आलं. इथे ती दोन्ही एकाच आवारात आहेत. सी हॅरियर ११ मे २०१६ ला याच तळावर निवृत्त झालं.

खाऱ्या हवेबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण या संग्रहालयाची सगळ्यात मोठी काळजी तीच. जमिनीवरच्या हॅरियरमध्ये वजन वाचवायला मॅग्नेशियम वापरलं होतं. सी हॅरियर करताना इंजिनाच्या आवरणातलं आणि धडातलं मॅग्नेशियम काढून दुसरे मिश्रधातू घातले, कारण मिठाच्या पाण्यात मॅग्नेशियम झपाट्याने खाल्लं जातं. समुद्रासाठी बनलेलं यंत्रही रोज धुतलं, पुसलं आणि तेल दिलं तरच टिकतं. उघड्यावर उभ्या जुन्या विमानांत गंज नेमका कुठे शिरतो? पोलादी बोल्ट जिथे ॲल्युमिनियमला टेकतो तिथे, कारण दोन धातू आणि खारट ओल मिळून बारीकशी बॅटरीच तयार होते. पत्र्यांच्या जोडाखाली, जिथे धातू पुस्तकाच्या पानांसारखा फुगतो. आणि कॅनपीच्या, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, काचेवर, जी उन्हाने आधी पांढुरकी होते, मग तिला बारीक चिरा जातात. नवा रंग लावला की विमान दुरून छान दिसतं, पण जोडाखाली ओल राहिली असेल तर रंग तिला कोंडून ठेवतो. इतकी दुर्मिळ विमानं असलेल्या या आवारावर छप्पर यायला हवं. निदान सीलँड, फायरफ्लाय आणि व्हँपायर या तिघांवर तरी आधी.

सुपर कॉन्स्टेलेशन हे मोठं प्रवासी विमान शेवटी ठेवा, कारण तिच्यापुढे बाकी सगळं लहान दिसू लागतं. ३४ मीटरहून लांब, माशासारखा वळणदार पाठकणा आणि तीन उभी शेपटं. एकच उंच शेपूट त्या काळच्या हँगरच्या दारात मावलं नसतं. एअर इंडियात असताना हिचं नाव ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळची राणी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या जातीची विमानं हवाई दलाकडे गेली आणि ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने पुण्याहून त्यांच्यातून समुद्रावर टेहळणी केली. १९७६ च्या नोव्हेंबरात सागरी टेहळणीचं काम नौदलाकडे आलं, त्यासाठी ३१२ क्रमांकाचं स्क्वाड्रन उभं राहिलं आणि पाच सुपर कॉन्स्टेलेशन त्यात आल्या. चारही इंजिनं राइट कंपनीची, प्रत्येकी १८ सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन चकत्या एकामागे एक. इंजिनाच्या बाजूने बघितलं की निकासाच्या नळ्यांचा गुंता दिसतो. धुरात वाया जाणाऱ्या जोरावर तीन छोटी टर्बाइनं फिरवून तो पुन्हा इंजिनाच्या मुख्य दांड्याला द्यायची ही योजना. एका इंजिनामागे साडेचारशेच्या वर हॉर्सपॉवर अशी परत मिळे. पण मागच्या चकतीतल्या सिलिंडरांना हवा कमी लागते, ते तापतात, झडपा जळतात, आणि टर्बाइनं स्वतः लालभडक तापमानात फिरणारी. देखभाल करणाऱ्यांचे तास इथेच जात. १९८० च्या दशकात ही विमानं निवृत्त झाली.

वेळ अर्धाच तास असेल, विमान पकडायचं असेल, तर आतली दालनं सोडा आणि तीनच ठिकाणी थांबा : सी हॉकच्या पंखाच्या मुळाशी, अलीझेच्या पोटाखालच्या घुमटापाशी आणि सी हॅरियरच्या फिरत्या तोंडांपाशी. पावसाळ्यात जाणार असाल तर रबरी तळव्याचे बूट घाला, जांभ्यावर शेवाळ धरतं.